शेंगदाण्याची परीक्षा

माणसाला किती चावता येतं हे मोजायचं कसं? तोंडातले दात मोजून उत्तर मिळत नाही. सोळा दातांचा एखादा म्हातारा ऊस सोलून खातो आणि अठ्ठावीस दातांचा एखादा भाकरीच्या कडा ताटात ठेवून उठतो. 'नीट चावता येतं का हो?' असं विचारूनही फारसं कळत नाही, कारण जे खाता येतं तेवढंच माणसाला हळूहळू पुरेसं वाटायला लागतं. १९५० साली मॅनली आणि ब्रेली या अमेरिकी संशोधकांनी यासाठी वापरलेली युक्ती आपल्या स्वयंपाकघरातली वाटावी इतकी सरळ आहे. मोजून घेतलेले शेंगदाणे तोंडात द्यायचे. ठरलेल्या वेळा, समजा वीसदा, चावायला लावायचं. गिळू द्यायचं नाही. चावलेलं सगळं भांड्यात काढायचं, चूळ भरून उरलंसुरलंही त्यातच घ्यायचं आणि ठरावीक भोकांच्या चाळणीवर पाण्याने धुवायचं. चाळणीखाली उतरलं ते चावलेलं, वर अडकलं ते न चावलेलं.

पुढे या परीक्षेत गाजर आलं, बदाम आले, सगळ्यांना अगदी सारख्याच कडकपणाचा घास मिळावा म्हणून सिलिकॉनचे बारीक ठोकळे आले. आता तर दोन रंगांचं च्युइंगगम चघळायला देतात आणि रंग एकमेकांत किती मिसळले ते संगणक सांगतो. तरीही मला या सगळ्यांत शेंगदाणाच खरा परीक्षक वाटतो. तो पहिल्या दाबाला फुटतो आणि दहा दिशांना पांगतो. एक कण गालाशी, एक जिभेखाली, एक टाळूला चिकटलेला. त्यातला प्रत्येक कण जिभेने शोधून, गालाने ढकलून पुन्हा दाढांच्या मध्ये आणायचा, दाबायचा आणि पुन्हा शोधायचा. हे आपण दिवसातून शेकडो वेळा, गप्पा मारता मारता करतो आणि त्याकडे आपलं लक्षही नसतं. दाणा जेमतेम दोन मिलिमीटरच्या आत आला की घशाला आपोआप इशारा जातो आणि घास उतरतो.

१९६४ साली क्रिशन कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्याने वरची-खालची संपूर्ण कवळी लावणाऱ्या माणसांना अशा परीक्षेला बसवलं. त्यांची चावण्याची क्षमता खऱ्या दातांच्या माणसाच्या एक-षष्ठांशाहूनही कमी भरली. म्हणजे जे दाणे बारीक करायला दातवाल्याला वीस चावे लागतात, त्यासाठी कवळीवाल्याला शंभराच्या वर लागतील. इतका वेळ कुणी चावत बसत नाही. अशी माणसं थोडं जास्त चावतात खरी, पण कसर भरून निघण्याइतकं नाही. शेवटी ती मोठाले तुकडेच गिळतात.

हे आकडे खानदेशात बसून वाचले की ताट डोळ्यांसमोर येतं. जळगावच्या दोन गोष्टींना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं: केळी आणि भरिताची वांगी. दोन्ही इतक्या मऊ की दात नसलेल्या माणसाचंही त्यावर भागावं. पण खानदेशातलं भरीत नुसतं वांग्याचं नसतं. फिकट हिरवी, मोठाली, कमी बियांची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजतात, लाकडी बडगीत ठेचतात आणि त्यात कांद्याची पात, हिरवी मिरची, लसूण, खोबऱ्याचे काप आणि तेलात परतलेले अख्खे शेंगदाणे पडतात. सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि कच्चा मुळा किंवा कांदा. थंडीत शेतावरच्या भरीत पार्टीला दोन-तीन पिढ्या एका पंगतीत बसतात, आणि त्या पंगतीत एक तरी वडीलधारं माणूस बोटांनी चाचपत दाणे बाजूला काढत असतं. वरण-बट्टी असली तर बट्टी वरणात बुडवून लगदा होईपर्यंत थांबतं. ज्वारीचे बिबडे पुढे आले की 'नको, पोट भरलं' म्हणतं. पोट भरलेलं नसतं. हे 'नको' खानदेशातल्या किती घरांत ऐकू येतं!

दाण्याचा एक तुकडा खालच्या कवळीखाली गेला की काय होतं, ते जरा जवळून बघू. हिरडीची कातडी मऊ असते. तिच्यावर अॅक्रिलिकचा कडक पाट बसलेला असतो. या दोहोंच्या मध्ये तांदळाएवढा कडक कण सापडला आणि माणसाने चावायला दाब दिला की सगळा जोर त्या एका टोकावर येतो. खाली हिरडी आणि तिच्याखाली लगेच हाड. कळ डोक्यात जाते. मग पंगतीतून उठायचं, तोंड फिरवून कवळी काढायची, धुवायची, परत बसवायची. चारचौघांत हे दोनदा झालं की माणूस दाणे खायचेच सोडतो आणि काही दिवसांनी पंगतही टाळायला लागतो.

वरच्या कवळीबद्दल लोक सहसा तक्रार करत नाहीत, खालच्या कवळीने मात्र जीव नकोसा होतो, असं कोणत्याही दंतवैद्याला विचारलं तरी सांगेल. त्याचं गणित मोठं बोलकं आहे. खरा दात हाडात थेट रुतलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो आणि चावण्याचा सगळा भार त्या थरावर वाटला जातो. एका जबड्यातल्या सगळ्या दातांचा हा थर उलगडून पसरला तर साधारण ४५ चौरस सेंटिमीटर भरतो. दात गेल्यावर भार घ्यायला उरते ती हिरडी. वरच्या कवळीला टाळूसकट जवळपास २३ चौरस सेंटिमीटर जागा मिळते, खालचीला जेमतेम १२. वरची कवळी टाळूवर लाळेच्या पातळ थराने चिकटून राहते. खालची घोड्याच्या नालासारखी, मध्ये मोकळी, आणि त्या मोकळ्या जागेत सतत हलणारी जीभ. बोलताना जीभ उचलते, हसताना गाल ढकलतात, जांभई आली की ओठ वर ओढतो.

त्यात हाडही गप्प बसत नाही. दात गेला की त्याला धरून ठेवणारी हाडाची कड झिजायला लागते आणि ही झीज कधी थांबतच नाही. अँट्ये टॅलग्रेन या संशोधिकेने कवळी लावणाऱ्या माणसांच्या जबड्यांचे एक्स-रे तब्बल २५ वर्षं पुन्हा पुन्हा काढले आणि १९७२ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खालच्या जबड्याच्या पुढच्या भागाची झीज वरच्याच्या सुमारे चौपट होती. म्हणजे ज्या जागेला आधीच कमी आधार, तीच जास्त वेगाने खचते. पंधरा वर्षांपूर्वी नीट बसणारी कवळी आज तोंडात तरंगते, यात बनवणाऱ्याचा दोष असतोच असं नाही. खालची जमीनच गेलेली असते.

घरोटावर, म्हणजे जात्यावर, दळलेलं ज्यांनी पाहिलंय त्यांना ठाऊक आहे की खालची तळी जमिनीत घट्ट बसवलेली असते आणि फिरते ती वरची. खालची तळी डुगडुगली तर वरून कितीही जोर लावा, पीठ भरडच पडणार. तोंडात तेच होतं. खऱ्या दाढांवर माणूस ५० ते ७० किलो वजनाइतका दाब सहज देतो. संपूर्ण कवळीवर तो साधारण चौथा-पाचवा हिस्सा उरतो. जबड्याचे स्नायू एका रात्रीत दुबळे झालेले नसतात. हिरडी दुखेल, कवळी उसळेल, या धाकाने मेंदूच स्नायूंना आवरतो. वर्षानुवर्षं आवरलेले स्नायू मग खरंच बारीक होतात. म्हातारपणी गाल बसलेले दिसतात, त्यातही याचा वाटा असतो.

आता ही खालची तळी घट्ट बसवायची कशी? या प्रश्नाचं उत्तर एका सशाच्या पायात सापडलं.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमधल्या लुंडमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हा तरुण संशोधक हाडातलं रक्ताभिसरण अभ्यासत होता. दातांशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. जिवंत हाडात रक्त कसं वाहतं ते सूक्ष्मदर्शकाखाली बघता यावं म्हणून त्याने सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची एक छोटी नळी बसवली होती. प्रयोग संपला, नळी काढून पुन्हा वापरायची म्हणून तो ओढायला गेला, तर ती निघेचना. हाडाने तिला धरून ठेवलं होतं. मध्ये तंतूंचा थर नाही, पू नाही, सूज नाही. हाडाच्या पेशी धातूच्या पृष्ठभागाला थेट भिडून वाढल्या होत्या.

हे वाचताना मी दर वेळी थांबतो. शरीरात काटा रुतला तर शरीर त्याला पू करून बाहेर फेकतं. दुसऱ्या माणसाची कातडी लावली तर तीही नाकारतं. मग एका धातूला हाड आपला कसा मानतं? गोम टायटॅनियमच्या पृष्ठभागात आहे. हवेचा स्पर्श होताच त्याच्यावर क्षणार्धात ऑक्साइडचा थर तयार होतो. तो अवघ्या काही नॅनोमीटरचा, पण चिवट. ओरखडा पडला तर लगेच नवा तयार होतो. हा थर शरीरात गंजत नाही, विरघळून त्रास देत नाही, आणि हाडाच्या पेशींना त्याच्यावर बसायला हरकत वाटत नाही. या धातूचं एक खनिज, इल्मेनाइट, आपल्याच रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत असतं. पावलाखाली येणाऱ्या त्या वाळूतल्या धातूशी आपल्या हाडाची अशी सोयरीक आहे, हे सशाने सांगेपर्यंत कुणाला माहीत नव्हतं.

१९६५ साली गोथेनबर्गमध्ये ब्रोनेमार्कने पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात हे केलं. गोस्टा लार्सन हा ३४ वर्षांचा माणूस. जन्मापासून टाळू फाटलेला, जबडा बिघडलेला, कवळी धरायला जागाच नाही. त्याच्या खालच्या जबड्यात टायटॅनियमचे चार स्क्रू बसवले आणि त्यांच्यावर दात. २००६ साली लार्सन वारले तेव्हा चाळीस वर्षांनंतरही ते स्क्रू कामावर होते. दंतवैद्यकाला मात्र हे पटायला वेळ लागला. १९८२ साली टोरांटोतल्या परिषदेत ब्रोनेमार्कने आपली सगळी आकडेवारी मांडली, त्यानंतर जगभर अशा स्क्रूंना, म्हणजे इम्प्लांटना, रस्ता मोकळा झाला.

सगळे दात गेलेल्या माणसासाठी याचा सगळ्यात साधा प्रकार म्हणजे खालच्या जबड्यात दोन स्क्रू आणि त्यांच्यावर अडकणारी कवळी. अठ्ठावीस दात नाहीत, चार स्क्रूही नाहीत, फक्त दोन. त्यांची जागाही हुशारीने निवडलेली असते. हनुवटीच्या दोन्ही बाजूंना हाडातून एकेक नस बाहेर येते आणि ओठाला स्पर्श कळवते. या दोन नसांच्या मधला हनुवटीचा पट्टा दाट हाडाचा असतो आणि झीज होऊनही तिथे पुरेसं हाड सहसा शिल्लक राहतं. सुळे जिथे होते साधारण तिथे, जेमतेम ४ मिलिमीटर जाड आणि १०-१२ मिलिमीटर लांबीचे दोन स्क्रू बसतात.

भोक पाडताना डॉक्टर सलाइनची धार का सोडत राहतात, हेही समजून घेण्यासारखं आहे. हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट राहिलं तर त्यातल्या पेशी मरायला लागतात, असं १९८३ साली स्वीडनमधल्या संशोधनात दिसलं. भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळिशी ओलांडतो; हाडाला सोसणारी सीमा त्याच्या जेमतेम पलीकडे आहे. म्हणून ड्रिल हळू फिरवायचं, थांबत थांबत, थंड पाण्यात. मग जखम मिटवून हाडाला त्याचं काम करू द्यायचं. खालच्या जबड्याला रूढ पद्धतीत तीनेक महिने देतात. या तीन महिन्यांत तोंडात वरून काही दिसत नाही आणि आत तेच सशाचं नवल पुन्हा घडत असतं.

नंतर स्क्रूवर छोटी गोल घुंडी चढवतात आणि कवळीच्या आतल्या बाजूला तिला धरणारी टोपी, आत रबराची किंवा नायलॉनची कडी. कवळी बोटाने दाबली की 'टक्' असा आवाज येतो आणि ती बसते. रात्री काढायची, धुवायची, सकाळी परत टक्. ज्या माणसाने दहा वर्षं तोंडात तरंगणारी वस्तू जिभेने सावरत काढली आहेत, त्याच्या चेहऱ्यावर हा आवाज पहिल्यांदा ऐकल्यावर काय उमटतं ते कुणीही ओळखावं.

२००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी एकमताने सांगितलं की सगळे दात गेलेल्या माणसाच्या खालच्या जबड्यासाठी साधी कवळी हा आता पहिला पर्याय मानू नये. दोन इम्प्लांटवरची कवळी हा किमान पर्याय असावा. २००९ साली इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये तेच पुन्हा सांगितलं गेलं. यामागे बरंच काम होतं. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट विद्यापीठाने त्याच माणसांना आधी साध्या कवळीवर आणि मग दोन इम्प्लांटवरच्या कवळीवर चावायला लावलं. चावण्याचा जोर जवळपास दुप्पट झाला. घासाचे तुकडे मूळच्या निम्म्या आकाराचे व्हायला आधी सरासरी ५५ चावे लागत, नंतर २७ पुरले. घुंडी लावली, लोहचुंबक लावलं की दांडी लावली, याने फार फरक पडला नाही.

मग चार स्क्रू बसवले तर आणखी सुख मिळेल का? त्याच देशातल्या ब्रेडा शहरात ११० माणसांवर हे तपासलं. काहींना दोन स्क्रू सुटे, काहींना दोन स्क्रू दांडीने जोडलेले, काहींना चार. माणसांच्या समाधानात फरक सापडला नाही. डॉक्टरांच्या हिशेबात चार म्हणजे दोनाच्या दुप्पट असतील. रुग्णाच्या मनात सगळी झेप शून्यावरून दोनावर जातानाच होऊन जाते. खानदेशातल्या बेताच्या ऐपतीच्या कुटुंबाला यापेक्षा दिलासा देणारा निष्कर्ष मला या सगळ्या अभ्यासांत दिसला नाही.

समाधान चावण्याच्या आकड्यांहून जास्त का वाढतं, याचं एक कारण स्पर्शात आहे. खऱ्या दातांच्या मधून जेमतेम २० मायक्रॉन जाडीची पातळ पट्टी गेली तरी माणसाला कळतं. केस त्याहून जाड असतो. भाकरीतला एक खडा, पालेभाजीतला रेतीचा कण दात लगेच पकडतात, कारण दाताभोवतीच्या त्या तंतूंच्या थरात स्पर्श ओळखणारी टोकं असतात. कवळीवाल्याला कळायला ती पट्टी शंभरेक मायक्रॉन जाड व्हावी लागते. आणि इम्प्लांट? त्याच्याभोवती तंतूंचा थरच नाही, म्हणजे स्पर्श अजिबात नसायला हवा. तरीही इम्प्लांटवर ही मर्यादा साधारण ५० मायक्रॉनवर येते. स्क्रूवरचा दाब हाडात जातो आणि हाडातून, आसपासच्या आवरणातून, स्नायूंतून काहीतरी बातमी मेंदूपर्यंत पोहोचते. नेमकी कोणत्या टोकांतून, यावर अजून संशोधन चालू आहे. धातूचा निर्जीव तुकडा आणि त्यातून घासाचा मऊ-कडकपणा कळतो! दोन जबड्यांमध्ये काय आहे हे कळलं की माणूस निर्धास्तपणे दाब देतो, आणि मेंदूने इतकी वर्षं आवरलेले स्नायू मोकळे होतात.

दुसरं कारण चाळणीत सापडणारं नाही. चावण्याची मोजलेली क्षमता आणि माणसाचं समाधान यांचा संबंध कच्चा आहे, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसतं. कुणी वाईट कवळीवरही खूश असतो, कुणी चांगल्या कवळीवरही नाराज. म्हणून आयर्लंडचे फिनबार अॅलन आणि कॅनडाचे डेव्हिड लॉकर यांनी २००२ साली खास दात नसलेल्या माणसांसाठी प्रश्नावली बनवली. तिच्यात अन्न अडकण्याचे आणि दुखण्याचे प्रश्न आहेतच. पण अमुक पदार्थ टाळता का, चारचौघांत अवघडल्यासारखं होतं का, लोकांत जाणं टाळता का, हेही त्यात विचारलेलं आहे. नातवाच्या लग्नात जेवताना कवळी उसळेल म्हणून आधीच घरी वरण-भात खाऊन जाणाऱ्या आजीचं दुःख कोणत्या चाळणीत मोजणार? शेवटी संशोधकांना प्रश्नच विचारावे लागले, आणि मला वाटतं, दंतशास्त्राने केलेल्या शहाणपणाच्या गोष्टींत ही एक मोठी आहे.

धुळ्यात साक्री रोडवर अण्णासाहेब चुडामण पाटील यांच्या नावाचं दंत महाविद्यालय आहे. प्रत्येक दंत महाविद्यालयात कवळी आणि कृत्रिम दात शिकवणारा स्वतंत्र विभाग असतो. विद्यार्थी त्याला प्रॉस्थो म्हणतात. कवळीचं माप घेऊन, मेणात बसवलेले दात लावून बघून, पुन्हा घासून, चार-पाच फेऱ्यांत कवळी तयार होते. जळगावहून हे नव्वदेक किलोमीटर, आणि दर फेरीला एक दिवस जातो. मुलाला रजा काढावी लागते, सुनेला दुपारचं काम सोडावं लागतं. केंद्र सरकारच्या २०१७च्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांना काठी, चश्मा, श्रवणयंत्र यांच्याबरोबर कवळीही मिळते, ही चांगली गोष्ट आहे. त्या यादीत इम्प्लांट नाही. तज्ज्ञ जो किमान पर्याय म्हणतात तो सरकारी मदतीत येत नाही, आणि कवळी मिळाली तरी खालची तळी डुगडुगतीच राहते. निदान खालच्या जबड्यातल्या दोन स्क्रूंपुरती ही यादी वाढायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

सगळ्यांनाच स्क्रू बसतात असं नाही. साखर ताब्यात नसलेल्या मधुमेहात जखम भरायला अडचण येते, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत इम्प्लांट निकामी होण्याचं प्रमाण जास्त असतं. गावाकडे अनेक आज्यांना मिश्री लावायची सवय असते. हिरडीवर रोज चोळलेल्या भाजक्या तंबाखूने हिरड्यांचे आजार वाढतात, म्हणजे दात जाण्याची वाट तिथूनच सुरू होते. इम्प्लांटभोवतीही हिरडीचा आजार होतो, म्हणून घुंडीभोवती मऊ ब्रश रोज फिरलाच पाहिजे. कवळीतली रबराची कडी झिजते आणि पकड सैल पडते. ती बदलणं सोपं आणि स्वस्त असतं, पण त्यासाठी परत यावं लागतं, आणि हे आधीच सांगितलं नाही तर लोक 'स्क्रू ढिले झाले' म्हणून घाबरतात. खरा स्क्रू हाडात शाबूत असतो.

एक गोष्ट मात्र मला सगळ्यात चकित करून गेली. कॅनडातल्या एका चाचणीत काही वृद्धांना साध्या कवळ्या दिल्या, काहींना खाली दोन इम्प्लांट. चाचणी २०१३ साली प्रसिद्ध झाली. वर्षभराने दोन्ही गटांच्या खाण्यातल्या पोषकद्रव्यांत म्हणावा असा फरक नव्हता! चावता येऊ लागलं होतं, ताट मात्र जुनंच राहिलं होतं. वीस वर्षं मऊ भात, शिरा, चुरलेली भाकरी खाल्लेला माणूस स्क्रू बसले म्हणून दुसऱ्या दिवशी मुळा मागत नाही, आणि घरचेही त्याच्यासाठी सवयीने वेगळंच वाढत राहतात. उलट इंग्लंडमधल्या २००६च्या एका अभ्यासात नव्या कवळीबरोबर प्रत्येकाला त्याच्या सवयी बघून आहाराचा सल्ला दिला, तेव्हा साध्या कवळीवरही फळं आणि भाज्यांचं प्रमाण वाढलं.

तेव्हा टक् असा आवाज झाल्यावर डॉक्टरांचं काम अर्धंच झालेलं असतं. सुरुवातीला भरीत दाण्यांशिवाय. मग दादर ज्वारीची ताजी भाकरी, लहान घास करून, दोन्ही बाजूंनी मिळून चावायची, म्हणजे कवळी एकीकडे कलत नाही. नंतर काकडी, मेथीची कच्ची भाजी, पेरूच्या फोडी. पेरू अख्खा पुढच्या दातांनी तोडायचा नाही. दाणे, बिबडे आणि कुरकुरीत बट्टी महिन्याभराने. हे सगळं फक्त आबांना किंवा आजीला सांगून भागत नाही, कारण ताट दुसरंच कुणी वाढत असतं. कवळी द्यायच्या दिवशी स्वयंपाक करणाऱ्या माणसालाही दवाखान्यात सोबत बोलवावं आणि हा क्रम त्याच्यासमोर, कागदावर लिहून द्यावा.